राईडला घाबरणाऱ्या लहान मुलांची तयारी: घरापासून परतीपर्यंत

सीटवरचा बार एकदा खटकन खाली आला की मुलाच्या हातात काहीच उरत नाही. मधेच थांबता येत नाही, उतरता येत नाही, "नको, नको" म्हणून ओरडलं तरी राईड चालूच राहते. मोठ्यांचंही तेच होतं, पण पुढे काय होणार आणि किती वेळ चालणार याचा अंदाज आपल्याला असतो. पाच वर्षांच्या मुलाला तो नसतो. म्हणून "घाबरतोस काय, काही होत नाही" हे वाक्य त्याच्या कामाचं नसतं. त्याला दोन गोष्टी कळायला हव्या असतात: नेमकं काय होणार आहे, आणि नको असेल तर खरंच नको म्हणता येणार आहे का. याची खात्री पटली की घाबरणारी बरीचशी मुलं स्वतःहून पुढे येतात.

पुढचं सगळं साधारण तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना धरून लिहिलं आहे. यातलं बहुतेक काम बार खाली येण्याच्या आधीचं आहे, त्यामुळे लेखातही तोच भाग मोठा आहे.

भीती कशाची आहे, ते आधी शोधा

राईडची भीती म्हणून आपण जे म्हणतो त्यात बऱ्याच वेगवेगळ्या भीती असतात. आकाशपाळण्यात बसताना रडणारं मूल जमिनीलगत भरधाव फिरणाऱ्या गाडीत खुशीत असतं. दुसऱ्याला वेग चालतो, पण अंधार सहन होत नाही. कुणाला कर्कश आवाज नको असतो, कुणाला मुखवटे घातलेली माणसं, कुणाला पोटावर दाबून बसणारा बार. "मी खाली पडलो तर?" ही भीती तर फार मुलांना असते आणि ती बोलून दाखवणारी मुलं थोडीच. थोडी मोठी मुलं उलटी होईल किंवा सगळे हसतील याला घाबरतात.

"तुला कशाची भीती वाटते?" असं सरळ विचारलं तर उत्तर बहुधा "माहीत नाही" असंच येतं. त्यापेक्षा राईडचं चित्र समोर ठेवा आणि त्यात त्याच्या आवडत्या बाहुलीला बसवा. बाहुलीला यात काय आवडेल, काय नाही, कुठे बसायला आवडेल, असं विचारा. बाहुलीच्या नावाने मुलं भडाभडा बोलतात. कारण सापडलं की निम्मा उपाय तिथेच मिळतो. आवाजाची भीती असेल तर कानांवर घालायचे मऊ संरक्षक बरोबर घ्या, पण ते घालून राईडवर बसता येतं का ते तिथल्या ऑपरेटरला विचारा, कारण सैल वस्तूंना अनेक ठिकाणी मनाई असते. अंधाराची भीती असेल तर उघड्यावरच्या राईड आधी करा. पडण्याची भीती असेल तर तिचा उपाय पुढे रांगेच्या भागात आहे.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांबाबत एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवायला हवी. खरं काय आणि खोटं काय ही सीमा या वयात अजून पक्की झालेली नसते. भूतबंगल्यातला हलणारा सांगाडा "खोटा आहे" असं सांगितलं तर मूल मान डोलावतं, आणि आत गेल्यावर घाबरतं. सांगण्यापेक्षा त्याला काम द्या: "आवाज कुठल्या स्पीकरमधून येतोय ते शोधूया", "दिवा कुठे लपवलाय ते आधी कोणाला दिसतं बघू." तरीही माझं मत विचाराल तर सहा वर्षांच्या आतल्या घाबरणाऱ्या मुलाला भूतबंगल्यात नेऊच नये. उंचीची आणि वेगाची भीती उतरल्यावर संपते. अंधारातून अंगावर आलेला चेहरा मात्र रात्री झोपेत पुन्हा येतो.

घरी करायची तयारी

निघण्याच्या आठवडाभर आधी सुरुवात करा. फार आधी केली तर काही मुलं तेवढे दिवस काळजीच करत बसतात.

राईडचे व्हिडिओ बहुतेक मोठ्या पार्कांचे सहज मिळतात. आधी बाहेरून काढलेला व्हिडिओ दाखवा, म्हणजे गाडी कुठून निघते, कुठे वळते आणि परत कुठे येऊन थांबते हे दिसतं. मग पुढच्या सीटवरून काढलेला, आवाज बंद करून. मग आवाजासकट. थांबवायचं बटण मुलाच्याच हातात द्या. जिथे भीती वाटेल तिथे ते थांबवेल, मागे नेईल, पुन्हा बघेल, आणि आपण काही न सांगता ती जागा त्याच्या ओळखीची होईल. मात्र पडद्यावर उतार कमी खोल दिसतो, वारा लागत नाही आणि पोटात काही होत नाही, हेही त्याला सांगा.

पोटातली ती जाणीव मुलांना सगळ्यात जास्त दचकवते, म्हणून तिची ओळख आधीच करून द्या. गाडी चढाच्या टोकावरून खाली सुटते तेव्हा शरीर सीटवरून हलकं होतं, आणि एरवी खाली ओढले जाऊन टेकलेले पोटातले अवयवही क्षणभर तरंगल्यासारखे होतात. पोटात गोळा येतो तो त्यामुळे. बागेतल्या झोपाळ्यावर उंच झोका गेला की वरच्या टोकाला अगदी हेच होतं, फक्त कमी. झोका टोकाला पोचला की दोघांनी मिळून "आला गोळा!" असं ओरडायचं. पाच-सहा वेळा ओरडून झालं की त्या जाणिवेला नाव मिळतं, आणि राईडवर ती आली की मूल तिला ओळखतं.

अशी पायरीपायरीने ओळख करून देण्यामागे जुना अनुभव आहे. मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलावरचं काम प्रसिद्ध केलं. त्याला सशाची भीती होती. तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा थोडा थोडा जवळ आणत गेले, आणि शेवटी पीटर सशाला हात लावू लागला. यात घाई केली असती तर उलटंही होऊ शकलं असतं, कारण जबरदस्तीने एकदम जवळ आणलेली गोष्ट मुलाला जास्तच घाबरवू शकते. राईडचंही असंच आहे.

घरीच एक गोष्ट सांगून ठेवा, आणि ती खरी ठेवा: "आधी रांगेत उभं राहायचं. मग दार उघडेल. आपण आत जाऊन बसू. बार खाली येईल, तो पोटाला थोडा घट्ट लागेल. गाडी हळूहळू वर जाईल. मग जोरात खाली येईल. दोन वळणं. मग थांबेल." जोरात जाणार असेल तर जोरातच म्हणा. "अगदी हळू जाते" असं सांगून बसवलेलं मूल त्या राईडवर तर रडतंच, शिवाय पुढच्या प्रत्येक राईडला तुमचा शब्द खरा की खोटा हे तपासत बसतं.

उंचीची पट्टी: इथे घासाघीस नाही

बऱ्याच राईडच्या तोंडाशी किमान उंचीचा फलक असतो. ही उंची हिमतीची परीक्षा म्हणून ठरवलेली नसते. ठरावीक आकाराचं शरीर बारच्या मागे नीट अडकून राहावं, असा त्यामागचा हिशोब असतो. नावावरून अंदाज बांधू नका. स्पेस माउंटन या एकाच नावाच्या राईडला फ्लोरिडातल्या डिस्ने पार्कमध्ये ४४ इंच म्हणजे सुमारे ११२ सेंटिमीटर उंची लागते, तर कॅलिफोर्नियात ४० इंच म्हणजे १०२ सेंटिमीटर. घरीच मुलाला अनवाणी भिंतीला उभं करून मोजा आणि पार्कच्या संकेतस्थळावरचे आकडे बघून कुठल्या राईड शक्य आहेत ते ठरवून ठेवा. रांगेच्या शेवटी पोचल्यावर "तुझी उंची कमी आहे" हे ऐकणं घाबरणाऱ्या मुलाला फार लागतं, कारण त्याने मन घट्ट करून तिथवर मजल मारलेली असते.

जाड तळव्याचे बूट घालून पट्टी गाठायची युक्ती कृपा करून करू नका. आणि उंची पुरली म्हणजे राईड झेपेलच असंही नाही. जे मूल घाबरलं की उभं राहतं, हात सोडवून घेतं किंवा बारखालून सरकायला बघतं, त्याच्यासाठी ती राईड अजून नाही, पट्टी काहीही म्हणो. हृदयाचा त्रास, फिट्स, मान किंवा पाठीचं दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांना विचारूनच ठरवा. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या मानेच्या वरच्या सांध्यात ढिलेपणा असू शकतो, त्यामुळे झटके देणाऱ्या राईडच्या आधी त्यांच्याबाबत नक्की विचारा.

त्या दिवशी: क्रम कसा लावायचा

सकाळी, मूल ताजंतवानं असताना आणि रांगा छोट्या असताना सुरुवात करा. पहिली राईड अशी घ्या की जिच्यात काहीही कमी-जास्त होणार नाही: गोल फिरणारे घोडे, छोटी आगगाडी. मग हळू वर जाणारी एखादी. मग मुलांचा छोटा रोलर कोस्टर. एका राईडवर मूल हसत उतरलं की लगेच पुढच्या पायरीवर उडी मारायचा मोह होतो. तो आवरा आणि तीच राईड परत घ्या. दुसऱ्या फेरीत मूल इकडेतिकडे बघतं, हात हलवतं, पुढे काय येणार ते तुम्हाला सांगतं. खरा आत्मविश्वास तिथे येतो.

भूक, ऊन, झोप यांनी भीती वाढते. दुपारी मूल किरकिर करायला लागलं की नवीन राईड बंद. दोन ते बारा या वयात गाडी लागण्याचा त्रासही जास्त असतो, म्हणून भरपेट खाऊन किंवा अगदी रिकाम्या पोटी गरगर फिरणाऱ्या राईडवर बसवू नका. थोडंसं हलकं खाणं आणि पाणी बरं. मळमळायला लागलं तर लांबच्या एका स्थिर गोष्टीकडे बघायला सांगा. मोठ्या पेल्यांसारख्या राईडमध्ये मधलं चाक फिरवलं तरच पेला जोरात फिरतो, तेव्हा ते चाक मुलाच्या ताब्यात द्या. किती फिरायचं हे ठरवता येणारी अशी राईड क्वचितच मिळते, आणि घाबरणाऱ्या मुलाला ती फार आवडते.

आधी बाहेर उभं राहून बघा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. रांगेत शिरण्याआधी राईडच्या बाहेर पडायच्या दाराशी जाऊन उभे राहा. एका पार्कमध्ये कठड्याला नाक लावून उभी असलेली सहा-सात वर्षांची मुलगी मी बघत होते. तिची आत्या तिला उतरणाऱ्या लोकांचे चेहरे मोजायला सांगत होती: हसणारे किती, रडणारे किती. मुलगी बोटं मोडत मोजत होती. तिच्याच वयाचा एक मुलगा केस विस्कटलेला, हसत बाहेर आला आणि परत रांगेकडे पळाला. तो दिसेनासा होईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग आत्याचा हात धरून म्हणाली, "आपण जाऊ."

आपल्या वयाचं मूल ते करताना दिसणं याला खरंच वजन असतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये कुत्र्याला घाबरणाऱ्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांना, त्यांच्याच वयाचा एक मुलगा कुत्र्याशी हळूहळू जवळीक करताना दाखवला. ते पाहिलेली मुलं नंतर कुत्र्याजवळ जायला जास्त धजावली. म्हणून "मी बघ कसा बसतो" असं सांगणाऱ्या बाबांपेक्षा समोरून उतरलेलं अनोळखी मूल जास्त उपयोगी पडू शकतं.

बाहेर उभे असतानाच घड्याळ लावून राईड किती वेळ चालते ते मुलालाच मोजू द्या. बऱ्याच राईड एक ते तीन मिनिटांत संपतात. "थोडाच वेळ" याला लहान मुलाच्या लेखी अर्थ नसतो. "तू शंभर मोजलेस तेवढ्यात संपली" याला असतो.

रांगेत

रांग हीच सगळ्यात कठीण जागा. पुढे सरकत जायचं, वरून किंकाळ्या ऐकू येतात आणि हाताला काम काहीच नसतं. पहिल्या पाच मिनिटांतच सांगून ठेवा: "तुला कधीही परत फिरायचं असेल तर माझा हात दोनदा दाब. मी कारण विचारणार नाही, आपण परत फिरू." आणि त्याने दाबला तर खरंच फिरा, तासभर उभे राहिला असाल तरी. बसण्याच्या जागेपाशी पोचूनही परत जाता येतं. कर्मचाऱ्याला सांगितलं की तो बाजूचा रस्ता दाखवतो. ही मुभा खरी आहे हे कळलेलं मूल तिचा वापर फार कमी करतं.

पडण्याच्या भीतीचं उत्तर द्यायलाही रांग चांगली जागा आहे. रोलर कोस्टर असेल तर गाडीची चाकं दाखवा. बहुतेक रोलर कोस्टरना रुळाच्या वर, बाजूला आणि खालच्या अंगालाही चाकं असतात, त्यामुळे गाडी रुळाला धरून राहते. खालून धरणाऱ्या या चाकांचं पेटंट रोलर कोस्टर बनवणारे जॉन मिलर यांनी १९१९ मध्ये घेतलं होतं. चढावर येणाऱ्या टक-टक-टक आवाजाने मुलं फार घाबरतात, काहीतरी मोडतंय असं त्यांना वाटतं. गाडीखालची लोखंडी खिट्टी रुळामधल्या दात्यांवर पडत जाते, त्याचा तो आवाज. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून ती खिट्टी असते. मुलाला सांगा: "प्रत्येक टक म्हणजे गाडीला एकदा कुलूप लागलं." मग ते टक मोजत बसतं. साखळीने वर चढणाऱ्या साध्या कोस्टरमध्ये पहिला उतारच सहसा सगळ्यात मोठा असतो, कारण पुढची सगळी धाव त्याच उंचीच्या जोरावर होते. "पहिला झाला की पुढचे लहान" हे आधीच सांगता आलं तर फार बरं.

रांगेत स्वतःच्या चेहऱ्याकडेही लक्ष असू द्या. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर्षभराच्या बाळांसमोर काचेखाली खड्डा असल्याचा भास निर्माण केला होता. आईने हसरा चेहरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. मूल मोठं झालं तरी ही सवय राहते. तुम्हालाच उंचीची भीती असेल तर मुलाबरोबर दुसऱ्या कुणाला तरी बसवा.

"शांत हो" म्हणून धडधड थांबत नाही. "धडधडतंय ना? अंग तयार होतंय, मलाही मजेच्या आधी असंच होतं" हे चांगलं. संशोधक ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांमध्ये, कामगिरीच्या आधी स्वतःला "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मी उत्सुक आहे" म्हणणाऱ्यांचं काम सरस झालं. ते प्रयोग मोठ्यांवरचे होते, पण मुलांशी बोलतानाही ही दिशा उपयोगी पडते.

एक शब्द मात्र रांगेत कुणालाही काढू देऊ नका: भित्री भागूबाई. भावंडांना, मामांना, आजोबांना, सगळ्यांना घरूनच बजावून निघा. चिडवून बसवलेलं मूल बसतं, पण भीतीत लाजेची भर पडते, आणि लाज जायला फार वेळ लागतो.

सीटवर

जागा निवडता येत असेल तर कोस्टरमध्ये मधली ओळ घ्या. मागच्या डब्यांना टोकावरून झटका जास्त बसतो आणि पुढच्या ओळीतून खोली उघडी दिसते. झुलणाऱ्या जहाजातही मधोमध बसा, टोकांना झोका सगळ्यात मोठा असतो. मुलाला पाठ पूर्ण टेकवून बसवा, बार घट्ट असल्याचं त्याला स्वतः हलवून बघू द्या आणि दोन्ही हातांनी धरायला सांगा. हात वर करायची मजा नंतर कधीतरी. उंचावरून खाली सुटण्याच्या क्षणी श्वास रोखला की पोट जास्त खालीवर होतं असं वाटतं, म्हणून तेव्हा "आऽऽऽ" करत श्वास सोडायचा. ओरडण्याने श्वास आपोआप सुटतो, त्यामुळे ओरडायला पूर्ण परवानगी.

डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे हे मुलावर सोडा, पण मिटल्यावर वळण कधी येणार ते कळत नाही आणि मळमळूही शकतं, हे सांगून ठेवा.

राईड सुरू झाल्यावर मूल रडायला लागलं तर समजावू नका. ऐकण्याच्या अवस्थेत ते नसतं. छोट्या वाक्यांत, ठाम आवाजात, आता काय येणार ते सांगत राहा: "मी इथे आहे. बार धर. आता वळण. आता एक छोटा उतार. आता थांबते आहे." तुमचा हात त्याच्या हातावर असू द्या. राईड थांबवा म्हणून तुम्हीच ओरडायला लागलात तर मुलाला एवढंच कळतं की खरंच काहीतरी बिघडलं आहे.

उतरल्यावर

"बघ, उगाच घाबरत होतास" हे कितीही तोंडावर आलं तरी गिळा. भीती उगाच नव्हती, आणि ती घेऊनही मूल बसलं. आधी विचारा, कोणता भाग आवडला, कोणता नाही. उत्तर येईपर्यंत थांबा. कौतुक करायचं तर त्याने केलेल्या नेमक्या गोष्टीचं करा: "चढावर तू टक मोजत होतास, मी ऐकलं." रडत उतरलं असेल तर थोडं बसा, पाणी द्या, मिठी मारा, आणि लगेच तीच राईड पुन्हा करायचा आग्रह धरू नका. दिवसाची शेवटची राईड मात्र त्याच्या आवडीची आणि सोपी ठेवा.

बसायचंच नसेल तर

मग बसायचं नाही. पास महाग होता, इतक्या लांब आलो, ही मोठ्यांची गणितं आहेत. न बसणाऱ्या मुलालाही काम द्या: फोटो काढणं, वेळ मोजणं, उतरणाऱ्यांना हात करणं. मोठ्या भावंडाला आणि मोठ्यांना राईड हवी असेल तर डिस्ने आणि युनिव्हर्सलच्या पार्कांत, आणि इतरही अनेक ठिकाणी, एक पालक बसून येतो तोवर दुसरा लहान मुलाबरोबर थांबतो आणि मग पुन्हा पूर्ण रांग न लावता दुसऱ्याला बसता येतं. त्याला रायडर स्विच किंवा असंच काही नाव असतं. राईडच्या तोंडाशी असलेल्या कर्मचाऱ्याला रांगेत शिरण्याआधीच विचारा.

पुढे घरी मूल राईडबद्दल पुन्हा पुन्हा बोलेल, ठोकळ्यांचा रुळ करेल, बाहुल्यांना बसवेल. ते खेळू द्या, मधे पडून दुरुस्त्या करू नका. अनुभव वाईट गेला असेल तर पुढच्या वेळी जिथे अडलं होतं त्याच्या दोन पायऱ्या खालून सुरुवात करा. एखाद-दोन रात्री झोप चाळवणं साहजिक आहे. पण काही आठवडे उलटूनही मूल लिफ्टमध्ये, जिन्यावर, अंधाऱ्या खोलीत जायला नकार देत असेल, झोप किंवा शाळा बिघडत असेल, तर मुलांच्या समुपदेशकाकडे घेऊन जा, आणि तोवर राईडचा विषय घरात काढू नका.